फिनिक्सजवळ आरव्हीतला पहिला मुक्काम कसा करावा

आई-बाबा भारतातून हिवाळ्यात आले असतील, त्यांना ॲरिझोनाचं वाळवंट दाखवायचं असेल आणि तंबूत जमिनीवर झोपणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नसेल, तर आरव्हीसारखी, म्हणजे आत घरासारखी व्यवस्था असलेल्या मोठ्या गाडीसारखी सोय नाही. पलंग, शेगडी, फ्रिज आणि मुख्य म्हणजे संडास, सगळं बरोबर येतं. पण पहिल्याच खेपेला दूर रानात, वीज-पाण्याविना राहायचा हट्ट धरू नका. पहिला मुक्काम शहरापासून तासाभराच्या आत आणि वीज-पाणी असलेल्या जागीच करा.

आधी तारीख ठरवा

फिनिक्समध्ये जुलैत दुपारचं सरासरी तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. 2023 च्या उन्हाळ्यात तर सलग 31 दिवस पारा रोज 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 सेल्सिअसच्या पुढे गेला. अशा दिवसांत छतावरचा एसी रात्रभर घरघरतो आणि बाहेर पाऊल टाकवत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस निवडा. डिसेंबरात दुपार विशीच्या आसपास, छान उबदार असते; रात्री मात्र शहराबाहेर पारा पाच-सहा अंशांवर येतो. स्वेटर आणि कानटोपी घ्याच. वाळवंट म्हणजे उकाडा, या समजुतीने आलेले पाहुणे रात्री आठ वाजताच आत पळतात.

मग जागा

शहराच्या पूर्वेला अपाची जंक्शनजवळचं लॉस्ट डचमन स्टेट पार्क माझ्या मते पहिल्या मुक्कामाला सगळ्यात देखणं. सुपरस्टिशन डोंगराचा उभा कडा अगदी समोर येतो आणि मावळतीला लालभडक होतो. मेसाजवळचं युझरी, फाउंटन हिल्सजवळचं मॅकडॉवेल आणि पश्चिमेचं व्हाइट टँक ही मॅरिकोपा काउंटीची उद्यानंही उत्तम. व्हाइट टँकची वॉटरफॉल ट्रेल ज्येष्ठांना झेपते. वाटेत होहोकाम या इथल्या प्राचीन लोकांनी खडकांवर कोरलेली जुनी चित्रं दिसतात. धबधबा मात्र पाऊस पडला तरच. या ठिकाणी बहुतेक आरव्ही जागांना वीज आणि पाणी मिळतं. सांडपाण्याची जोडणी सहसा नसते, त्यासाठी उद्यानात डंप स्टेशन असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेच्या थंडीतून आलेले स्नोबर्ड आणि बेसबॉलच्या स्प्रिंग ट्रेनिंगचे, म्हणजे हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांचे प्रेक्षक यांची एकच गर्दी होते. कित्येक महिने आधी आरक्षण करा, आणि शनिवार-रविवार मिळत नसेल तर मंगळवार-बुधवार बघा.

गाडी घेताना

चार-पाच जणांना क्लास सी बरी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग असतो ती. 25 फुटांच्या आतली घ्या. गॅलनला 8 ते 10 मैल धरूनच पेट्रोलचा हिशेब करा. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, कारण पेट्रोल पंपाचं छत आणि ड्राइव्ह-थ्रूची कमान तुमच्या अंदाजावर चालत नाही. सीटबेल्ट असलेल्या जागा मोजून घ्या. गाडी धावत असताना उठून चहा टाकायचा नाही, हे आईला निघायच्या आधीच सांगून ठेवा.

पोचल्यावर

उजेडात पोचा. डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून चार ही वेळ चांगली. गाडी मागे घेताना एकाने मागे, पण आरशात दिसेल असं उभं राहावं. आधी चाकांखाली ठोकळे घालून गाडी समपातळीत आणा, मगच स्लाइड-आउट, म्हणजे गाडीची बाजूला सरकणारी भिंत, बाहेर काढा. गॅसवरही चालणारा फ्रिज तिरक्या गाडीत नीट थंड करत नाही.

विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद करा, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, केबल जोडा आणि मग ब्रेकर चालू करा. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, बहुधा पांढरा असतो; नळाला आधी पाण्याचा दाब आटोक्यात ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर लावा.

30 अँपिअरच्या जोडणीवर एकूण 3600 वॅट मिळतात. एसी किंवा हीटर, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावलेत की ब्रेकर पडलाच. भात शिजेपर्यंत मायक्रोवेव्हला हात लावू नका. आतल्या शेगडीवर फोडणी टाकायची तर आधी छताची खिडकी उघडून पंखा लावा; मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म बोंबलू लागतो. तो काढून ठेवायचा मोह टाळा. त्यापेक्षा पिठलं-बेसनाचा कार्यक्रम बाहेरच्या टेबलावर, सुट्या शेगडीवर करावा. किराणा चँडलर-टेम्पीकडच्या देशी दुकानांतूनच भरून घ्या. शेकोटीसाठी लाकूड विकत आणा, उद्यानातली वाळकी फांदीसुद्धा उचलायला मनाई असते.

जेवण झालं की खरकटं बाहेर ठेवू नका. रानडुकरासारखे दिसणारे हाव्हेलिना रात्री वास काढत येतात. बाहेर राहिलेले बूट सकाळी झटकूनच घाला. एक अतिनील टॉर्च जवळ असू द्या, विंचू तिच्या उजेडात हिरवट चमकतो आणि मुलांना भीतीपेक्षा मजाच जास्त वाटते. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका. कंगवा खाली सरकवून उडवा. झोपण्यापूर्वी गाडीबाहेर सावलीसाठी उघडलेलं कापडी छत गुंडाळा, रात्री अचानक सुटणारा वारा ते मोडून टाकतो.

दिवसा हिंडताना माणशी चार लिटर पाणी, थंडी असली तरी. कोरड्या ओढ्यात, म्हणजे इथल्या वॉशमध्ये, मुक्काम करू नका. लांब डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा इकडे ऊन असतानाही येतो. वाहत्या पाण्यापुढचे अडथळे ओलांडून गाडी घातली आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येईल असा कायदाच ॲरिझोनात 1995 पासून आहे. लोक त्याला ‘मूर्ख वाहनचालक कायदा’ म्हणतात.

निघताना टाक्या रिकाम्या करणं

या कामाला सगळे नाक मुरडतात, पण क्रम पाळला तर दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. मुक्कामभर दोन्ही टाक्यांचे, म्हणजे संडासाच्या काळ्या आणि सांडपाण्याच्या करड्या टाकीचे, व्हॉल्व्ह बंदच ठेवा. संडासाची टाकी थोडी थोडी रिकामी केली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचतो. डंप स्टेशनवर हातमोजे घाला, पाइपचं टोक गाडीला फिरवून घट्ट बसवा, दुसरं खड्ड्यात नीट अडकवा. आधी काळी टाकी सोडा, ती पूर्ण रिकामी झाली की करडी, म्हणजे तिच्यातल्या अंघोळीच्या आणि भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने पाइपही धुऊन निघेल. तिथल्या धुवायच्या नळाला पिण्याच्या पाण्याचा पाइप चुकूनही जोडू नका. शेवटी पायरी आत, छत गुंडाळलेलं, केबल काढलेली आणि कपाटं बंद आहेत ना, हे गाडीभोवती एक फेरी मारून बघा. गाडी परत देण्याआधी पेट्रोल भरा, आणि भरताना शेगडी-फ्रिजचा प्रोपेन गॅस बंद ठेवा.