उंबरठ्याआधीची तयारी

लांबच्या सायकलप्रवासाच्या सामानाची यादी करताना पहिली ओळ तंबूची लिहा. वाटेत माणसं घरात घेतात, जेवू घालतात, मग दोन किलोचं ओझं कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. नेमकं त्यासाठीच. रात्र काढायची सोय जिच्याजवळ आहे, तिला समोरचा माणूस मोकळ्या मनाने ‘नाही’ म्हणू शकतो. सोय नसलेला प्रवासी अंधार पडताना दारात उभा राहिला, तर घरातल्यांना निवड उरतच नाही. मग ते आदरातिथ्य राहत नाही, गळ्यात पडणं होतं. म्हणून लांबच्या सायकलप्रवासाला निघताना मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारते: ही बरोबर असली तर वाटेतल्या अनोळखी माणसावरचा माझा भार किती कमी होईल?

याच्या अगदी उलट टोकाचं एक उदाहरण आहे. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६ च्या शेवटी जगाची फेरी पूर्ण करून थांबला. त्याच्या हँडलच्या पिशवीत मोजे, एक जादा शर्ट, तंबू आणि अंथरूण म्हणूनही वापरता येणारा रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर, एवढंच सामान होतं. बाकी सगळं वाटेवर सोडलेलं. ते वाचताना आजही छाती भरून येते. पण तो काळ वेगळा होता, सायकल हेच तेव्हा नवल होतं. आपण बिऱ्हाड पाठीशी घेऊन निघावं हे बरं.

तंबूबरोबर स्लीपिंग बॅग आणि खाली घालायची मॅट. मॅटवर काटकसर करू नका, कारण थंडी जमिनीतून वर चढते. तंबू ठोकण्याचे नियम आधी वाचून ठेवा, ते देशागणिक बदलतात. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याप्रमाणे लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, वस्तीच्या घरापासून निदान १५० मीटर दूर, दोन रात्रींपर्यंत न विचारता राहता येतं. इतर अनेक देशांत मात्र मालकाला विचारल्याशिवाय खुंटी मारणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो.

आता सायकल. ती कोणत्या कंपनीची आहे याला मी फार महत्त्व देत नाही, चाकांना देते. सामान लादलेल्या सायकलच्या मागच्या चाकाला ३६ स्पोक असावेत, आणि निघण्यापूर्वी ते चाक जाणत्या माणसाकडून ताणून, सरळ करून घ्यावं. स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकात, गिअरच्या बाजूचा. तो बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागते, म्हणून कॅसेट सोडवायचं छोटं टूल आणि स्पोकची चावी बरोबर हवी. पुढच्या चाकाच्या आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी सहसा वेगवेगळी असते. तिन्ही मापांचे दोन-तीन जादा स्पोक सीटखालच्या नळीला चिकटपट्टीने बांधून टाका, तिथे त्यांची अडचण होत नाही. टायरच्या कडेवर छापलेला आकडा, ६२२ किंवा ५५९ असा, वहीत उतरवून घ्या. तो रिमचा व्यास असतो, मिलिमीटरमध्ये. ‘अठ्ठावीस इंची’ किंवा ‘सव्वीस इंची’ एवढंच सांगून आणलेला टायर चढत नाही असं होतं, आणि तोवर तुमच्यासाठी कुणीतरी आपली गाडी काढून तालुक्याच्या गावाला जाऊन आलेलं असतं. माझ्या बाबतीत हे घडलं आहे. त्या गृहस्थांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. म्हणून आकडा लिहा.

दोन जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पॅच आणि सोल्युशन. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की ती आतल्या आत वाळते, तेव्हा एक न फोडलेली ठेवा. पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का ते घरीच पाहा. चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, चेन तोडायचं टूल, चेन जोडायची एक-दोन क्विक लिंक, ब्रेक आणि गिअरची एकेक वायर, ब्रेक पॅडचा एक जोड, बांधायला मूठभर प्लॅस्टिकच्या पट्ट्या, कॅरिअरचे जादा स्क्रू. चेन किती ताणली गेली हे मोजायची पट्टी स्वस्त असते. चेन वेळेवर बदलली तर कॅसेट वाचते. आणि हे सगळं वापरायला येत असलं पाहिजे. अवजार बरोबर आहे पण हात शिकलेला नाही, तर पंक्चरसुद्धा दुसऱ्याच्या दुपारवर पडतं.

सामान चार पिशव्यांत वाटा, जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर धरून आखणी करा. जास्त जमतं, पण जास्त धरलेल्या माणसाला कुणाच्या ओट्यावर थांबायला वेळ नसतो. शंभराच्या हिशोबाने आखलेल्या माझ्या पहिल्या प्रवासातलं मला रस्त्याखेरीज फारसं काही आठवत नाही.

पाण्यासाठी सायकलवरच्या बाटल्या आणि घडी घालता येणारी चार लिटरची पिशवी. बाटल्या प्यायला, पिशवी मुक्कामाला. पाणी मागणं ही अनोळखी घराशी होणारी सगळ्यात साधी ओळख. मागणं लहान, देणाऱ्याला त्रास नाही, आणि पाणी भरेपर्यंतच्या दोन मिनिटांत दोघांनाही एकमेकांचा अंदाज येतो. पुढचं निमंत्रण आलं तर बहुधा या दोन मिनिटांतूनच येतं. पाण्याची शंका असेल तर ते एक मिनिट खळखळून उकळावं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. पण ते यजमानांच्या देखत नको, आपल्या मुक्कामावर. पोट बिघडलंच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. औषधांच्या पिशवीवर हे प्रमाण लिहूनच ठेवा, ताप अंगात असताना आठवत नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस आधीच घ्यावी का, हे निघण्यापूर्वी दोन महिने डॉक्टरांना विचारा.

कपड्यांत सायकलचे दोन जोड पुरतात, एक अंगावर आणि एक वाळत. चड्डी रोज रात्री धुवायचीच, सीटवर बसून होणाऱ्या फोडांवर याच्याइतका खात्रीचा उपाय नाही. यापेक्षा महत्त्वाचा आहे तिसरा जोड, घरातला. सैल, अंग झाकणारा, स्वच्छ, आणि सायकल चालवताना कधीही न वापरलेला. तो वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि त्याच्याबरोबर धुतलेले मोजे. दिवसभर चालवलेल्या बुटांतून पाय बाहेर काढून कुणाच्या स्वच्छ जमिनीवर ठेवायचा असतो, तेव्हा त्या मोज्यांची किंमत कळते. स्वतःचा टॉवेल, साबण, पेला, ताटली. डोक्याला लावायचा टॉर्च, म्हणजे पहाटे निघताना घरभर दिवे लावावे लागत नाहीत. चार्जिंगसाठी पॉवर बँक असावी, कारण घरात शिरल्याबरोबर भिंतीवर सॉकेट शोधणारे डोळे मला आवडत नाहीत. विमानाने जायचं असेल तर ती हातातल्या बॅगेत ठेवावी लागते आणि १०० वॅट-तासांपर्यंतचीच सहसा विनापरवानगी चालते.

आता कागद. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती वेगळ्या पिशवीत, हे सगळेच सांगतात. मी त्यात आणखी एक कागद घालते. तिथल्या भाषेत, तिथल्याच माणसाकडून तपासून घेतलेल्या सात-आठ ओळी: मी कोण, कुठून निघाले, कुठे चालले, सायकलने का, मी काय खात नाही, आणि मला फक्त एका रात्रीपुरती तंबूला जागा हवी आहे. फोनवरचं भाषांतर आहेच, पण फोन हातातून हातात जात नाही. कागद जातो. तो आजी वाचतात, मग नातवाला मोठ्याने वाचायला लावतात, शेजारी येतात. हाइन्झ श्ट्युके हा जर्मन सायकलस्वार १९६२ मध्ये घराबाहेर पडला आणि पन्नासहून अधिक वर्षं हिंडत राहिला. तो आपल्या प्रवासाची छोटी पुस्तिका छापून विकत असे, त्यावर त्याचा खर्च निघायला मदत व्हायची. आपल्याला विकायचं काही नाही, पण छापलेल्या कागदाने अनोळखीपण किती लवकर सैल होतं ते त्याला नीट ठाऊक होतं. त्या कागदाला घरच्या माणसांचे दोन फोटो जोडा. भाषा संपली की फोटो पुढे करायचा. ‘ही माझी आई’ हे सगळीकडे समजतं.

विचारायचं कसं, याचीही तयारी करावी लागते, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त याचीच. सूर्य मावळायच्या दीड तास आधी विचारायला सुरुवात करा. एकदा मी अंधार पडल्यावर एका दारावर थाप मारली. आत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई होत्या. दार उघडलं तेव्हा त्यांचा हात कडीवर थरथरत होता. त्यांनी मला ठेवून घेतलं, पण त्या रात्री त्या झोपल्या नाहीत हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. तेव्हापासून अंधारात दार वाजवायचं नाही हा माझा नियम आहे. उशीर झाला तर तंबू. उजेडात, अंगणात दिसणाऱ्या माणसाला विचारावं, शक्यतो बाईमाणसाला किंवा सबंध कुटुंबाला. हेल्मेट आणि गॉगल काढून, सायकलवरून खाली उतरून, फाटकाच्या बाहेर उभं राहून. ‘तुमच्याकडे राहू का’ असं विचारू नये. ‘इथे जवळपास तंबू लावायला सुरक्षित जागा कुठे मिळेल?’ असं विचारावं. या प्रश्नाला शाळेचं मैदान दाखवून, गावच्या प्रमुखाचं नाव सांगून, मान हलवूनसुद्धा उत्तर देता येतं. ज्यांना बोलवायचं असतं ते आपण होऊन बोलावतात. काही ठिकाणी आग्रह ही फक्त रीत असते, म्हणून पहिल्या दोन वेळा नम्रपणे नको म्हणा. तिसऱ्यांदाही बोलावलं तर जा.

एकटीने हिंडणाऱ्या बाईचा अनुभव म्हणून हेही लिहिते. मनाला खटकलं तर कारण सापडेपर्यंत थांबू नका. उंबरठ्यावरून परत फिरायला एक वाक्य पाठ करून ठेवा, ‘माझे सोबती पुढच्या गावात वाट पाहत आहेत’ यासारखं. दारूचा वास, घरात बायका आहेत असं सांगून त्यांचं न दिसणं, सायकल कुलपात ठेवायची नको तेवढी घाई, यांतलं काहीही पुरेसं आहे. रोज रात्री घरच्या एकाच माणसाला ठिकाण कळवायचं, आणि ते यजमानांना दिसेल असं, त्यांचं नाव विचारून. भल्या माणसाला त्यात वावगं वाटत नाही. अशी भली माणसंच मला कितीतरी जास्त भेटली.

आधीच ठरवून राहायचं असेल तर सायकलप्रवाशांनी एकमेकांना फुकट जागा देण्याची ‘वॉर्मशॉवर्स’ ही व्यवस्था १९९३ पासून चालू आहे. पेरूमधल्या त्रुहियो शहरात तर १९८५ मध्ये एका घराने आपलं दार सायकलवाल्यांसाठी उघडलं, आणि ‘सायकलस्वारांचं घर’ ही कल्पना पुढे त्या खंडात इतरत्रही रुजली. अशा यजमानांना चार-पाच दिवस आधी लिहा, आदल्या दिवशी पुन्हा कळवा, उशीर होत असेल तर वाटेतून फोन करा. त्यांनी तुमच्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवलेली असते. त्यांनी आपल्या घराविषयी लिहिलेलं पूर्ण वाचून मगच लिहा. न वाचता पाठवलेला निरोप लगेच ओळखू येतो.

देण्यासाठी काही घ्यावं का? घ्यावं, पण हलकं. मी कोरी पोस्टकार्डं, तिकिटं आणि पेन्सिलींची एक जुडी नेते. पैसे पुढे केले की बहुतेक घरांत चेहरे उतरतात, म्हणून मी ते करत नाही. मात्र घर गरिबीचं असेल तर त्यांच्या ताटातलं आपण खातो आहोत हे विसरू नये. वाटेत वाणसामान विकत घेऊन ‘आपण मिळून रांधू’ म्हणत आत जावं, म्हणजे मान राहतो. भांडी घासायला उठा. पोराच्या सायकलचा ब्रेक आवळून द्या. अवजारं आहेतच, आणि चेनला तेल लावलेली लहान सायकल पोरं अंगणात गोल गोल फिरवायला लागली की घरातली माणसं बाहेर येऊन बघत उभी राहतात. एका रात्रीसाठी आलात तर एकच रात्र राहा, दुसरीचा आग्रह झाला तरी आधी विचार करा. पत्ता लिहून घ्या आणि पोस्टकार्ड खरोखर पाठवा. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर मी तेवढीच नावं लिहिते, आणि कार्ड गेलं की समोर खूण करते.

हे सगळं जमलं की निघण्यापूर्वी पंधरा दिवस, पूर्ण सामान लादून, एका रात्रीचा फेरा मारून या. तंबू अंधारात, टॉर्चच्या उजेडात एकदा लावून बघा. जाताना कुणा अनोळखी घरी थांबून पाणी मागा, तहान नसली तरी, कारण पहिल्यांदा मागताना जीभ अडखळते आणि ती घराजवळच अडखळलेली बरी. परत आल्यावर सामान जमिनीवर मांडा आणि जे एकदाही हातात आलं नाही ते बाजूला काढा, औषधं आणि अवजारं सोडून. मग कॅरिअरचे सगळे स्क्रू पुन्हा तपासा. एखादा सैल झालेला सापडेलच. तो काढून त्याच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा, एक थेंब लावा आणि परत आवळा.