हर्पिसच्या चाचण्या : लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) आटोपून ठाणे-नवी मुंबईतल्या लॅबमध्ये लागणारी मुलं सीबीसी, शुगर, थायरॉइडमध्ये चार-सहा महिन्यांत तयार होतात. हर्पिसचा फॉर्म समोर आला की मात्र बहुतेकांचा हात अडतो. कारण ‘हर्पिस टेस्ट’ नावाची एकच टेस्ट नसते. नमुना कुठून घेतला, कधी घेतला आणि डॉक्टरांना नक्की काय हवंय, यावर सगळं ठरतं, आणि यातलं निम्मं कलेक्शनच्या खुर्चीतच ठरून जातं. मी ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं सिरॉलॉजी-मायक्रोबायोलॉजी, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींच्या आणि जंतूंच्या चाचण्या बघते. पुस्तकात असूनही कामाच्या घाईत निसटतं ते इथे लिहितेय.

फॉर्मवर नुसतं ‘हर्पिस’ लिहिलेलं असेल तर आधी डॉक्टरांकडे फोन लावा. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा होतो. ओठांवर किंवा जननेंद्रियावर येणारे फोड हर्पिस सिम्प्लेक्सचे असतात, त्याचे टाइप १ आणि टाइप २ असे दोन प्रकार. घराणं एक, विषाणू वेगळे, किटही वेगळे. नागीण डॉक्टर सहसा बघूनच ओळखतात, तिचे नमुने कमी येतात. आले तर कधीकधी वर गेरूचा जाड लेप असतो. तो नीट साफ केल्याशिवाय स्वॅब लावू नका.

मग रुग्णाला एकच प्रश्न: आत्ता अंगावर फोड किंवा जखम आहे का, आणि किती दिवसांपासून? नवीन मुलं लाजतात, “तिकडे काही आहे का?” असं पुटपुटतात. समोरचा त्याहून जास्त लाजलेला असतो, तो “नाही” म्हणून मोकळा होतो. दार लावून घ्या आणि ‘उपाशीपोटी आलात ना?’ ज्या आवाजात विचारता त्याच आवाजात हे विचारा.

जखम असेल तर रक्तापेक्षा जखमेतला नमुना मोलाचा. आज त्यासाठी सगळ्यात भरवशाची चाचणी पीसीआर. ती विषाणूचा डीएनए शोधते आणि टाइप १ की २ हेही सांगते. फोड ताजा, पाण्याने भरलेला हवा. खपली धरली की विषाणू झपाट्याने कमी होतो. निर्जंतुक सुईने फोडाचं टोक उघडायचं, पाणी स्वॅबवर टिपायचं आणि मग तळाशी स्वॅब दाबून फिरवायचा. दुखतं, हे आधीच सांगा. विषाणू तळाच्या पेशींमध्ये असतो, त्यामुळे वरवर फिरवलेल्या स्वॅबचा निगेटिव्ह रिपोर्ट काही कामाचा नाही. स्वॅब पॉलिस्टरचा, प्लास्टिकच्या काडीचा घ्या. कॅल्शियम अल्जिनेटचा किंवा लाकडी काडीचा नको, त्याने पीसीआर बिघडू शकते. नमुना व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात), २ ते ८ अंशांवर. ठाण्याच्या कलेक्शन सेंटरवरून दुपारच्या उन्हात बाइकवर येणाऱ्या डब्यात बर्फाच्या पिशव्या अजून गार आहेत का, हे नमुना ताब्यात घेताना हात लावून बघा.

विषाणूचं कल्चर (पेशींवर विषाणू वाढवून बघणं) अजूनही शिकवलं जातं, पण रोजच्या कामात तुम्हाला ते क्वचितच दिसेल. झँक स्मिअर मात्र जरूर शिका. फ्रेंच डॉक्टर आर्नो झँक यांनी १९४७ साली ती रूढ केली. फोडाचा तळ ब्लेडने हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पातळ पसरायचं, हवेत वाळवून गिम्सा रंग द्यायचा. मायक्रोस्कोपखाली एकाच पेशीत दाटीवाटीने चिकटलेली अनेक केंद्रकं दिसली, की हर्पिस घराण्यातला विषाणू आहे एवढं कळतं. सिम्प्लेक्स की झोस्टर हे ती सांगू शकत नाही आणि निगेटिव्ह आली म्हणून हर्पिस नाहीच असंही म्हणता येत नाही. तरी स्वस्त आहे, तासाभरात होते. कळवा, नेरूळ किंवा कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप मिळाली तर त्वचाविभागात ती बघायला मिळते का, विचारा.

आता रक्त. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. पावसाळाभर आपण डेंग्यू आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) आयजीएम, म्हणजे लागणीनंतर आधी तयार होणारी अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्या लावतो, त्यामुळे ‘आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे नवी लागण’ हे डोक्यात घट्ट बसतं. हर्पिसला ते लागू पडत नाही. जुना हर्पिस पुन्हा उफाळला तरी आयजीएम वाढू शकतं, आणि टाइप १ व २ मध्ये गल्लत होते ती वेगळीच. गरोदरपणातल्या टॉर्च पॅनेलमध्ये (बाळाला धोका पोचवू शकणाऱ्या संसर्गांच्या एकत्रित चाचणीत) तेच आयजीएम येतं आणि काउंटरवर एखादी बाई रिपोर्ट धरून रडत असते. माझ्या मते टॉर्चमधलं हर्पिस आयजीएम बंदच व्हायला हवं. पण ते आपल्या हातात नाही. अशा वेळी आपण अर्थ सांगायचा नाही, “डॉक्टरांना दाखवा, नुसत्या यावरून काही ठरत नाही” एवढंच म्हणायचं.

आयजीजी, म्हणजे नंतर तयार होऊन टिकून राहणारी अँटिबॉडी शोधणं कामाचं आहे, पण ते ग्लायकोप्रोटीन जी या विषाणूवरच्या प्रथिनावर आधारलेलं, टाइप वेगळा सांगणारं हवं. किटचा कागद वाचून खात्री करा. लागण झाल्यावर अँटिबॉडी दिसायला १२ आठवडे किंवा थोडे जास्तही लागू शकतात. बऱ्याच किटमध्ये १.१ च्या वर इंडेक्स (चाचणीत मोजलेला आकडा) पॉझिटिव्ह धरतात, पण टाइप २ चा इंडेक्स ३ च्या खाली असेल तर खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. म्हणून रिपोर्टवर आकडा छापाच, आणि दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी अशी टीप टाका. टाइप १ चं आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणून कुणाच्या चारित्र्याची चर्चा नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालच्या जवळपास दोनतृतीयांश लोकांना टाइप १ ची लागण असते, आणि ती बहुधा लहानपणीच होते.

सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या) लक्षणांवरून उपचार होतात, हर्पिससारख्या जखमेला लाल रंगाचं ५ नंबरचं औषधांचं किट देतात. त्यामुळे तिथून नमुने कमी येतात, त्याचं नवल वाटू देऊ नका.

राहिलं पाठीच्या कण्यातलं पाणी, म्हणजे सीएसएफ. मेंदूज्वराचा संशय असेल तर त्यावर हर्पिसची पीसीआर होते, आणि हा नमुना रांगेत थांबत नाही. आला की लावायचा. लाल रक्तपेशी मिसळल्या असतील तर तसं नोंदवा, त्याने पीसीआर अडू शकते. लक्षणं सुरू होऊन तीन दिवसही झाले नसतील तर पहिली पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे आयसीयूतून काही दिवसांत पुन्हा नमुना आला, तर “आत्ताच तर केली होती” म्हणून परत पाठवू नका.