बार्बीच्या मापाची नऊवारी

बार्बी साधारण २९ सेंटिमीटर उंच, म्हणजे माणसाच्या एकषष्ठांश. त्या हिशेबाने नऊ वारांचे १३७ सेंटिमीटर होतात, पण तेवढं कापड घेऊ नका. लांबी सहापट घटते, कापडाची जाडी मात्र तीच राहते आणि कमरेवर गाठोडं होतं. ९० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर पन्ह्याचं जुनं, मऊ मलमल पुरतं. काठाला ८ मिलिमीटरची जरीची फीत लावा. रुंद फितीने बाहुली ठेंगणी दिसते.

गडद रंगाचं कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर वापरू नका, बाहुलीच्या व्हिनाइलवर, म्हणजे मऊ प्लास्टिकवर, पडलेला डाग सहसा जात नाही.

समोर एकेक सेंटिमीटरच्या पाचच निऱ्या घाला, धावदोऱ्याने पकडा, ओलसर फडक्यावरून इस्त्री फिरवा. पूर्ण गार झाल्यावरच दोरा काढा, नाहीतर निऱ्या फुलतात. मग काष्टा मागे खोचून आतून दोन टाके घाला. टाचणी नको, ती व्हिनाइलला भोक पाडते.

फोटोसाठी कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. वरून काढला की लगेच खेळणं दिसतं. खिडकीचा उजेड एका बाजूने, दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट. फोन लांब ठेवून दुप्पट झूम करा, चेहरा ताणल्यासारखा येत नाही. अंगण दाखवायचं तर चाळलेली माती पसरा. शेजारी ३ सेंटिमीटरचं झेंडूचं फूल ठेवलं, तर तिच्या मापाने ते १८ सेंटिमीटरचं होतं!