एक पसरट शीट नको, तीन पायऱ्या करा

इंदूरच्या सिरपूर तलावावरची पक्षीगणना आणि पाण्याचं तापमान एकाच एक्सेल शीटमध्ये भरलं, की ठिकाण, तारीख, निरीक्षक दर ओळीत पुन्हा लिहावं लागतं. मग ‘सिरपूर’, ‘सिरपुर’, ‘शिरपूर’ असे कागदावर तीन तलाव होतात!

तीन शीट करा:

१. ठिकाण: कोड, नाव, अक्षांश-रेखांश. एकदाच भरायचं.
२. फेरी (मोजणीसाठी तलावावर केलेली एक भेट): फेरीचा कोड, ठिकाणाचा कोड, तारीख, वेळ, निरीक्षक, हवा.
३. नोंद: फेरीचा कोड, काय मोजलं, आकडा, एकक.

जे फेरीभर बदलत नाही ते वर, बाकी खाली. पाण्याचं तापमान सात वाजता एक आणि नऊ वाजता वेगळं, म्हणून ते नोंदीत, मोजल्याच्या वेळेसह. त्यासाठी वेळेचा रकाना तिथेही ठेवा.

कोड ‘सिर-२०२५०११२-१’ असा: ठिकाण, वर्ष-महिना-दिवस, त्या दिवसाची कितवी फेरी. नुसता ‘1-2’ लिहिलात तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि मूळ कोड परत मिळत नाही. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

पुढे एचडीएफ५ (डेटा एकात एक थरांत साठवणारा फाइल-प्रकार) फाइल करायची झाली तर ठिकाण आणि फेरी हे ग्रुप, म्हणजे फोल्डरसारखे; मोजलेल्या प्रत्येक गोष्टीच्या नोंदी हा एकेक डेटासेट, म्हणजे आकड्यांचा तक्ता; आणि एकक त्याचं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे त्याला जोडलेली माहिती. मांडणी तीच राहते.

जपायचं ते शून्याला. टिबुकली (एक पाणपक्षी) शोधली पण दिसली नाही, तर ०. धुक्यामुळे मोजलीच नाही, तर आकड्याची चौकट रिकामी. सरासरी काढताना एक्सेल रिकामी चौकट सोडतं, शून्य मात्र धरतं.