आधी राइडची वेळ, मग बाकीचं
ठाण्याहून सुट्टीत ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला निघालात, तर 'लवकर जाऊन रांग धरू' एवढ्यावर आता भागत नाही. २०२४ पासून लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे ठरलेल्या वेळी वेगळ्या छोट्या रांगेतून राइडवर सोडणारा पास, पैसे भरून घरूनच घेता येतो. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३. तिथे सकाळी ७ ला बुकिंग उघडतं, म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे ४:३०. चहाचं आधण ठेवायच्या आत ॲपमध्ये लॉगिन करून बसा. आधी तीनच राइड निवडता येतात. त्यातली एक अगदी सकाळची घ्याच, कारण ती झाली की लगेच पुढची घेता येते. तिन्ही संध्याकाळच्या घेतल्यात तर दिवसभर हात बांधलेले. मुलांची उंचीही घरीच मोजा; पास असूनही कमी भरली तर बसू देत नाहीत.