ट्रॉल जाळ्यात कॅमेरा लावताना या चुका टाळा

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात ट्रॉलने, म्हणजे जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या पिशवीसारख्या जाळ्याने, पोलॉक मासा पकडणाऱ्या जहाजांना एक अडचण कायम भेडसावते, ती म्हणजे पोलॉकबरोबर सॅल्मनही जाळ्यात शिरतो. त्यावर उपाय म्हणून जाळ्यात पळवाट बसवली जाते. सॅल्मन पोलॉकपेक्षा दमदार पोहणारा असल्यामुळे, पळवाटेपाशी पाण्याचा ओघ मंदावला की तो पुढे सरकून बाहेर पडू शकतो, तर दमलेला पोलॉक मागे खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या बंद टोकात, ढकलला जातो. ही पळवाट कुठे असावी आणि तिचे झाकण किती जड असावे, हे ठरवताना पाण्याखालच्या चित्रीकरणाचा फार उपयोग झाला. मात्र कॅमेरा जाळ्याला बांधला की तो त्या जाळ्याचाच एक भाग होतो, आणि तेथे घडणाऱ्या गोष्टींवर त्याचाही परिणाम होतो. हे लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

प्रकाशाचा परिणाम गृहीत न धरणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. शंभर-दोनशे मीटर खोलीवर दिव्याशिवाय फारसे दिसत नाही, म्हणून प्रखर पांढरा दिवा लावला जातो. चित्र स्वच्छ येते, परंतु त्यात दिसणारे वर्तन दिव्याखालच्या माशाचे असते, आणि दिवा नसताना तोच मासा तसाच वागेल असे मानता येत नाही. ऑरेगनच्या किनाऱ्यावर 2014 साली गुलाबी कोळंबीच्या जाळ्यांवर झालेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथे युलाकॉन नावाचा छोटा मासा कोळंबीबरोबर पकडला जाऊ नये, अशी खटपट चालू होती, कारण त्याच्या दक्षिणेकडील समूहाला 2010 मध्ये संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले होते. जाळ्याच्या तोंडाशी, खालच्या दोरीवर 10 हिरवे एलईडी दिवे लावल्यावर युलाकॉनची पकड वजनाने 91 टक्क्यांनी घटली. उलट, मासे वगळण्यासाठी जाळ्यात बसवलेल्या जाळीदार चौकटीभोवती दिवे लावले, तेव्हा तीच पकड दुपटीहून अधिक झाली. केवळ दिव्याची जागा बदलल्याने निकाल असा उलटत असेल, तर पळवाटेशेजारी कॅमेऱ्याचा दिवा लावून काढलेले निष्कर्ष किती जपून वापरावेत, हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय आहेत. अनेक समुद्री माशांना तांबडा प्रकाश कमी जाणवतो, म्हणून तांबडा दिवा वापरावा. मात्र पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेत असल्याने कॅमेरा पळवाटेपासून एक-दोन मीटरवरच ठेवावा लागतो. अवरक्त प्रकाश तर त्याहूनही लवकर शोषला जातो. काही फेऱ्या दिवा चालू ठेवून आणि काही बंद ठेवून कराव्यात व दोन्हींतील पकड तोलून पाहावी. ही तुलना टाळून नुसत्या चित्रफितीवर विसंबणे माझ्या मते शास्त्राला धरून नाही.

चित्रात पांढरे ठिपकेच ठिपके दिसत असतील, तर दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून मांडणीचा असतो. दिवा भिंगाला चिकटून असला की पाण्यातले कण उजळून थेट भिंगात परततात, म्हणून दिवा बाजूला नेऊन तिरका लावावा. कोकण किनाऱ्यावरील गढूळ पाण्यात ट्रॉलरवर असा प्रयोग करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे अधिक प्रखर दिवा लावल्यास चित्र आणखी बिघडते.

जाळ्याचा आकार बिघडवणे

पाण्यातही वजनदार असणारा कॅमेरा जाळ्याच्या वरच्या पडद्याला टांगला की तो पडदा खाली खेचला जातो, आस, म्हणजे जाळ्याच्या विणीतील छिद्रे, आवळले जातात आणि ज्या पळवाटेची परीक्षा घ्यायची तीच अरुंद होते. कॅमेऱ्याच्या चौकटीला पुरेसे तरंडे बांधून तिचे पाण्यातले वजन जवळजवळ शून्यावर आणावे आणि हे काम बंदरातच तपासून घ्यावे. चौकट एकाच दोरीवर लोंबकळत असेल, तर चित्र सतत हेलकावे खाते. ती किमान चार ठिकाणी जाळ्याच्या शिवणीच्या दोरांना बांधावी, नुसत्या आसांना नव्हे.

पाणी शिरणे आणि धुके धरणे

दर 10 मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे 300 मीटरवर कवचावर पृष्ठभागाच्या सुमारे 31 पट दाब असतो. पोहताना वापरायच्या कॅमेऱ्याचे साधे कवच तेथे टिकत नाही. रबरी कड्यावर एखादा केस किंवा मिठाचा कण राहिला तरी पाणी आत शिरते. नवे कवच आधी रिकामे, आत कोरडा टिपकागद ठेवून, खाली सोडून पाहावे. पाणी शिरलेले नसतानाही काच धुरकट होत असेल, तर कवच उबदार, दमट केबिनमध्ये बंद केले गेले असावे. ते थंड, कोरड्या जागी, आत सिलिका जेल ठेवून बंद करावे.

चित्रफितीलाच निकाल मानणे

सपाट काचेतून पाण्यातील वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ आणि एक-तृतीयांशाने मोठी दिसते, म्हणून हवेत जुळवलेल्या मापाने माशाची लांबी काढू नये. एकमेकांना समांतर असे दोन लेझर ठिपके, किंवा दोन कॅमेऱ्यांची जोडी, हा त्यावरचा खात्रीचा मार्ग आहे.

त्याहून मोठा धोका निवडक पाहण्याचा आहे. एक सॅल्मन दिमाखात बाहेर पडताना दिसला की तोच प्रसंग सर्वांना दाखवला जातो, पण कॅमेऱ्याच्या कोनाबाहेरून किती सॅल्मन मागे गेले ते त्यात दिसत नाही. पळवाटेबाहेर वेगळे जाळे लावून सुटलेले मासे मोजणे, किंवा ऑरेगनमध्ये केले तसे एकाच जहाजावरून दोन जाळी शेजारी-शेजारी ओढून पकड तोलणे, यातूनच खरा आकडा मिळतो. तो आकडा तसा का आला, हे समजून घेण्यासाठी चित्रफीत वापरावी. आणि त्यासाठी जाळे सोडण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ जहाजाच्या जीपीएसशी व खोलीमापकाशी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावे, अन्यथा मासा निसटला त्या क्षणी जहाजाचा वेग किती होता आणि जाळे किती खोल होते, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही.