दिवाळीला चकली किती तळायची? विक्रीच्या आकड्यांवरून मागणीचा अंदाज बांधण्याची रीत

फरसाण-मिठाईच्या धंद्यात अंदाज चुकला की दोन्हीकडून फटका बसतो. उरलेलं श्रीखंड टाकून द्यावं लागतं आणि चकली संपली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. हा अंदाज आकड्यांवर बांधायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तीन वर्षांची बिलं, एक्सेल आणि पंचांग एवढ्यावर काम सुरू होतं. यातला निम्म्याहून जास्त वेळ आकडे साफ करण्यात जातो आणि तो द्यायलाच हवा.

बिलांमधून काय काढायचं

टॅली किंवा बिलिंगच्या मशीनमधून तारीख, वेळ, आयटम, वजन, भाव आणि शाखा एवढे रकाने एक्सेलमध्ये उतरवा. हिशेब किलोत ठेवा, रुपयांत नको. भाव वाढला की रुपयांतली विक्री फुगते आणि मालाचा उठाव वाढल्याचा भास होतो. ‘भाजणी चकली’, ‘भा. चकली’ आणि पाव किलोचं पाकीट हे तीन वेगळे आयटम पडले असतील तर एकत्र करा. परत आलेला माल ज्या दिवशी विकला होता त्या दिवसातून वजा करा.

कंपन्यांच्या दिवाळी भेटीच्या आणि लग्नाच्या ऑर्डरी यातून बाहेर काढा. ४०० किलोची एक ऑर्डर हा एका माणसाचा निर्णय असतो, त्यातून कुठलंही सूत्र काही शिकत नाही. त्या ऑर्डरबुकात ठेवा आणि शेवटी अंदाजात मिळवा.

भाव किंवा कर बदलल्याच्या तारखाही नोंदवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद फरसाणावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अशा तारखेच्या आधी घाऊक गिऱ्हाईक माल उचलायचं थांबवू शकतं आणि नंतर एकदम उचलतं. खूण केली नाही तर हा खड्डा आणि उसळी ऋतुमानाच्या नावावर जमा होते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला होता. तेव्हाचे आकडे सरळ वगळा.

माल संपलेला दिवस

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बिलात विक्री दिसते, मागणी दिसत नाही. संध्याकाळी ६ ला चकली संपली तर त्या दिवसाचा आकडा खोटा असतो. तसाच वापरला तर पुढच्या वर्षीही कमी तळली जाते आणि पुन्हा संपते.

दुरुस्तीसाठी बिलावरची वेळ कामाला येते. माल न संपलेल्या, त्याच वाराच्या आठ-दहा दिवसांत संध्याकाळी ६ पर्यंत सरासरी किती टक्के विक्री होते ते काढा. समजा ६० टक्के आली आणि संपलेल्या दिवशी ४८ किलो गेली, तर खरी मागणी ४८ भागिले ०.६०, म्हणजे ८० किलो. माल दुपारी १२ लाच संपला असेल तर ही रीत वापरू नका. हाती आलेला भाग फार लहान असतो आणि त्यातली चूक गुणाकारात फुगते. तिथे त्याच वाराची सरासरी धरलेली बरी. मात्र शिल्लक शून्य झाल्याची वेळ रोज लिहिण्याची शिस्त नसेल तर यातलं काहीच जमत नाही.

पंचांगाचा रकाना

तयार सूत्रं इंग्रजी तारखेवर चालतात आणि आपला धंदा तिथीवर. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. मागच्या वर्षीची तीच तारीख बघून मोदकांचा खवा मागवला तर माल अठरा दिवस आधी येऊन पडेल. म्हणून प्रत्येक दिवसापुढे ‘सणाला उरलेले दिवस’ असा रकाना करा आणि तुलना त्यावरून करा.

अधिक मास आणखी वेगळा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात, त्यामुळे एरवी दिवाळीपुरता चालणारा अनारसा भर उन्हाळ्यात मागितला जातो. आधीचा अधिक मास २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये होता आणि त्याच्या आधीचा २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात. म्हणजे हाताशी धड एकच नमुना आहे. दोन वर्षांच्या आकड्यांवर शिकलेलं कुठलंही मॉडेल हे सांगू शकणार नाही. तो आकडा २०२३ ची बिलं बघून माणसानेच घालायचा.

सूत्र कुठलं वापरायचं

एक्सेल २०१६ पासून ‘फोरकास्ट.ईटीएस’ हे मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढणारं फंक्शन आहे. आठवड्याच्या आकड्यांवर ते चांगलं चालतं, पण सण घुसळलेले आकडे दिले की ५२ आठवड्यांपूर्वीच्या जागी सणाचा डोंगर उभा करतं. म्हणून आधी सणाचे आठवडे काढून त्या जागी शेजारच्या साध्या आठवड्यांची सरासरी भरा आणि त्यावरून साधी मागणी काढा. मग सणाचा गुणक लावा: सणाच्या आठवड्याची विक्री भागिले आधीच्या चार साध्या आठवड्यांची सरासरी. चकली एरवी आठवड्याला १५० किलो आणि दिवाळीत ९०० किलो जात असेल तर गुणक ६.

आणखी एक अडचण लक्षात ठेवा. गाळलेला आठवडा हे फंक्शन आपणहून शेजारच्या आकड्यांनी भरतं. दुकान बंद होतं की नोंद राहिली, हे त्याला कळत नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा कुणी हाताशी असेल तर फेसबुकने २०१७ मध्ये मोफत खुलं केलेलं ‘प्रॉफेट’ हे अंदाज काढायचं साधन वापरा. त्यात सणांची यादी देता येते आणि प्रत्येक सणाआधीचे किती दिवस मोजायचे तेही. यादीत येणाऱ्या वर्षाच्या तारखाही घालाव्या लागतात. त्या विसरल्या की मागची दिवाळी नीट दिसते आणि पुढची सपाट येते.

कुठलंही सूत्र स्वीकारण्याआधी शेवटचे १२ आठवडे झाकून त्याच्याकडून अंदाज घ्या. त्यात सण येत नसेल तर एक सण वेगळा झाकून बघा. चूक मोजताना सगळे फरक, उणे चिन्ह काढून, बेरजेत घ्या आणि एकूण विक्रीने भागा. विक्री १२०, ८०, १५०, ५० आणि अंदाज १००, ९५, १३०, ६० असेल तर फरक ६५, विक्री ४००, चूक साधारण १६ टक्के. ‘गेल्या चार आठवड्यांची सरासरी’ या साध्या अंदाजाची चूकही अशीच काढा. नवं सूत्र तिला हरवत नसेल तर ते वापरू नका.

अंदाज आणि प्रत्यक्ष माल

अंदाज २०० किलोचा आला म्हणून २०० किलोच करायचा असं नाही. उरलं तर किती जातं आणि कमी पडलं तर किती, यावर ते ठरतं. श्रीखंड ४०० रुपये किलोने विकतो, खर्च २६० येतो. कमी पडलं तर १४० चा नफा बुडतो, उरलं तर २६० जातात. बुडणारा नफा भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे १४० भागिले ४००, हे प्रमाण ०.३५. अंदाजातली नेहमीची चूक, म्हणजे प्रमाण विचलन, ४० किलो असेल तर एक्सेलच्या ‘नॉर्म.इन्व्ह’ मध्ये ०.३५, २०० आणि ४० घाला. उत्तर १८५ किलो.

चिवड्यात किलोमागे १०० चा नफा आणि उरल्यास फक्त २० चं नुकसान, कारण तो पुढच्या आठवड्यात सवलतीत निघतो. तिथे प्रमाण ०.८३ आणि उत्तर सुमारे २३८ किलो. पण पाडव्याला श्रीखंड नाही म्हणून गिऱ्हाईक बाकीची खरेदीही दुसरीकडे करणार असेल, तर बुडालेला नफा १४० धरू नका. तो ३९० धरला तर प्रमाण ०.६० होतं आणि श्रीखंड २१० किलो करावं लागतं.

छापील पाकिटांसारखा न नासणारा माल सोपा आहे. पुरवठादार दोन आठवडे घेतो आणि ऑर्डर आठवड्यातून एकदा जाते, म्हणून तीन आठवडे धरा. आठवड्याची मागणी २,००० आणि चूक ४०० असेल, तर राखीव साठा १.६५ गुणिले ४०० गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १,१४०. शिल्लक आणि वाटेतला माल मिळून ७,१४० होईल इतकी ऑर्डर द्या. १.६५ हा आकडा ९५ टक्के वेळा माल पुरावा यासाठी आहे.

आचाऱ्याने किंवा शाखेच्या माणसाने आकडा बदलला तर दोन्ही आकडे आणि कारण लिहून ठेवा. कॉलेजची परीक्षा, रस्त्याचं खोदकाम त्याला आधी कळतं, तेव्हा त्याचं ऐकावं. पण कारण न देता दर वेळी वाढवला जाणारा आकडा दोन महिन्यांच्या नोंदीत उघडा पडतो.

प्रत्यक्ष दिवाळीत वेग बघा. मागच्या तीन दिवाळ्यांत वसुबारसेपर्यंत हंगामाच्या सरासरी ४० टक्के चकली गेली असेल आणि यंदा तोवर ५२० किलो गेली, तर हंगाम १,३०० किलोचा आहे आणि अजून ७८० किलो जाणार आहे. हा हिशेब रोज रात्री दुकान बंद करताना करा आणि दुसऱ्या दिवशीची भाजणी त्यावरून भिजवायला सांगा. वसुबारसेच्या आधी शनिवार-रविवार येऊन गेला असेल तर ४० टक्क्यांऐवजी तसाच शनिवार-रविवार आलेल्या वर्षाची टक्केवारी धरा.